देठावरची लव

आधीच सांगून ठेवते, मला झाडांचं काडीचंही कौतुक नाही. कुंडीत लावलं तर रोज पाणी घाला, आणि एक दिवस विसरलं तर मेलं ते मान टाकून आपल्यालाच दोष देतं. माझा जन्म माणसांच्या चेहऱ्यांत गेला. आमचे हे फोटो काढायचे आणि मी ते दुरुस्त करायची. कृष्णधवल फोटो. रंगीत आलं तेव्हा निम्मी गिऱ्हाइकं पुढच्या चौकातल्या दुकानात पळाली, पण आम्ही काही आमचा अंधार सोडला नाही.

दुरुस्ती म्हणजे काय, ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. तिरप्या काचेवर निगेटिव्ह ठेवायचं, खालच्या आरशाने त्यावर उजेड पाडायचा आणि डोळ्याला भिंग लावून बसायचं. निगेटिव्हवर सगळं उलटं असतं. गालावरचा काळा डाग तिथे पांढरा दिसतो. तो सुईसारखं टोक काढलेल्या पेन्सिलीने भरून टाकायचा. आणि कोटावर चिकटलेला पांढरा दोरा तिथे काळा दिसतो. तो सुरीच्या टोकाने हलकेच खरडून काढायचा. पेन्सिल चुकली तर पुसता येते. सुरी चुकली की विषय संपला, खरडलेलं परत येत नाही. माझी सुरी चुकत नसे. आमच्या भागातल्या निम्म्या लोकांचे मुरूम, मस आणि डोळ्यांखालची वर्तुळं या हातांनी नाहीशी केली आहेत, आणि एकानेही कधी तक्रार केली नाही.

आमच्या स्टुडिओचा एक नियम होता. दुरुस्तीच्या आधी एक कच्चा फोटो छापायचा आणि तो शेजारी ठेवून काम करायचं. काम झालं की त्याचे चार तुकडे करून टोपलीत टाकायचे. "लोकांना स्वतःचा खरा चेहरा घरी न्यायचा नसतो," हे म्हणायचे. हे गेले त्याला आता सहा वर्षं झाली, पण नियम मी सोडला नाही.

त्या टोपलीवर एकाच बाईचा डोळा. माझ्या नणंदेचा.

नणंद माझ्याहून चार वर्षांनी लहान. कॉलेजात झाडांचा विषय शिकवते, लग्न केलं नाही, स्टुडिओच्या वरच्या खोलीत राहते. पस्तीस वर्षं आम्ही दोघी एका स्वयंपाकघरात भांडतोय. गळ्यात दोऱ्याला बांधलेलं भिंग कायम, आंघोळीला जाताना तेवढं काढत असेल, म्हणून सगळे तिला भिंगाबाई म्हणतात. मीही म्हणते. चिडले की 'वन्सं' म्हणते, मग तिला कळतं की आज चहा आपला आपणच करायचा आहे.

भिंगाबाई वाळवलेली झाडं मोठ्या कागदांवर चिकटवते आणि कोपऱ्यात चिठ्ठी लावते: ठिकाण, तारीख, खूण, टिपणाऱ्याचं नाव. या चिठ्ठ्यांसाठी तिला माझी टोपली लागते. फोटोचा कागद जाड, मागची बाजू पांढरीशुभ्र, शाई फुटत नाही. ती तुकडे उचलते, पुढे कोण आहे ते बघतही नाही, मागे नावं लिहिते आणि खळ लावून तोंडाकडची बाजू खाली चिकटवून टाकते. म्हणजे तिच्या कपाटातल्या प्रत्येक झाडाखाली कुणाचं ना कुणाचं अर्धं नाक, एक कान किंवा टाय दडलेला आहे. मी तिला म्हणायचे, "तुझ्या गवताखाली अख्खा मोहल्ला पुरलाय." ती म्हणायची, "त्यांना कुठे त्रास होतोय?"

हे गेल्यावर कामं आटली आणि मी रिकाम्या स्टुडिओत माशा मारत बसले. तेव्हा एका रविवारी सकाळी ही बया कपात एक रोप घेऊन खाली आली. म्हणाली, "वहिनी, याचा फोटो काढ. कृष्णधवल."

"झाडाचा? आणि तोही बिनरंगाचा? डोकं ठिकाणावर आहे ना?"

"रंग फसवतो गं. रंग दिसला की माणूस बाकीचं बघायचं थांबतो."

पहिला फोटो काढला तो लाल फुलाचा. छापून बघितला तर फूल गायब! लाल आणि हिरवं दोन्ही सारख्याच राखाडी रंगात उतरलं आणि फूल पानांत बुडून गेलं. मी कपाळाला हात लावला. भिंगाबाई मात्र खूश. "बघितलंस? आता फूल शोधायचं तर कडा बघाव्या लागतात, शिरा बघाव्या लागतात." मग मी हट्टाला पेटले. काळं मखमली कापड मागे लावलं, खिडकीचा उजेड एका बाजूने घेतला, दुसऱ्या बाजूला पांढरा पुठ्ठा धरला. हळूहळू जमू लागलं. एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती: झाड हलतं. चार सेकंद कॅमेऱ्याचं झाकण उघडं ठेवायचं म्हटलं की मेलं नेमकं तेव्हाच उजेडाकडे वळतं, रस्त्यावरून गाडी गेली की थरथरतं. मी सवयीने त्याला म्हणायचे, "हलू नका, हनुवटी वर." भिंगाबाई हसून हसून पुठ्ठा हलवायची आणि फोटो जायचा.

खरं सांगू? ते रविवार चांगले होते. हे गेल्यावर घरात पहिल्यांदा कुणीतरी मोठ्याने हसलं ते तेव्हा.

मागच्या वर्षीची गोष्ट. छापखान्याच्या मागे एक ओली भिंत होती, तिच्या फटीत भिंगाबाईला पाच रोपं सापडली. वीतभर उंची, वर चिमुकलं फूल. मला विचाराल तर गवत. पण ती घरी आली तेव्हा तिच्या साडीला गुडघ्यांवर चिखल होता. वाटेत पडली की काय असं मला वाटलं.

"वहिनी, हे कुठल्याच पुस्तकात नाही. एकोणतीस वर्षं मी दुसऱ्यांनी शोधलेली झाडं शिकवली. हे माझं आहे."

पुढच्या वर्षी ती निवृत्त होणार होती. कॉलेजातले नवे लोक तिच्या कपाटाला 'चाऱ्याचं गोदाम' म्हणायचे, हे तिलाही ठाऊक होतं. तिने एक रोप मुळासकट आणलं. फूल एका सकाळपुरतं, तेव्हा फोटो लगेच हवा होता. तिने मला बरंच काय काय सांगितलं: नेहमीच्या झाडाहून हे वेगळं कशावरून, फोटो का हवा, वाळल्यावर काय झडून जातं. पण मी त्या वेळी पुठ्ठ्याला टेकू शोधत होते, आणि खरं म्हणजे तिचं झाडपुराण मी वीस वर्षांपूर्वीच ऐकायचं सोडलं होतं. मी नुसतं "हं, हं" केलं. त्या 'हं'चं पाप मला पुढे भोगायचं होतं.

तीन फोटो काढले. दोन हलले. तिसरा असा आला की मी स्वतःच बघत राहिले. काळ्या मखमलीवर ते रोप उजळून निघालं होतं, पानाची शीर न् शीर दिसत होती. फक्त फुलाखाली, दोन बोटं लांबीच्या देठावर, बारीक बारीक पांढरे तंतू. मी म्हटलं, झालं, मखमल सुटली! मखमलीची कुसं म्हणजे आमच्या धंद्याला लागलेली साडेसाती. कितीही झटका, फोटोत दोन-चार चिकटतातच. आयुष्यात हजारो खरडली असतील.

त्याच आठवड्यात भिंगाबाईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. मोतीबिंदू. तिने त्याआधी घाईघाईने रोप दाबून वाळवलं, कागदावर लावलं, आपलं टिपण लिहून ठेवलं. डोळ्यावर पट्टी बांधून घरी आली तेव्हा म्हणाली, "फोटो छापून कागदाबरोबर मोठ्या सरांना पाठव. मुदत संपत आलीय. मी काही आता बघू शकत नाही, तू बघशीलच."

मोठे सर म्हणजे लांबच्या संस्थेतले, या विषयातला शेवटचा शब्द. ते हो म्हणाले तरच झाड नवं.

मी बघितलं. चांगलंच बघितलं! बिचारीच्या आयुष्यातला एवढा मोठा फोटो, तो काय कुसांसकट पाठवायचा? कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलं नव्हतं. दीड दिवस काचेपुढे बसले आणि एकेक तंतू सुरीने उडवला. मग पानाला एक किडीचं भोक होतं, ते पेन्सिलीने भरलं. देठ असा तुकतुकीत झाला म्हणता! कच्च्या फोटोचे तुकडे तर या वेळी कामाआधीच, तिच्या ऑपरेशनच्याही आधी, टोपलीत गेले होते. देठ मला पाठ झाला होता. नवा फोटो पाकिटात घातला, वाळलेल्या रोपाचा कागद पुठ्ठ्यात बांधला आणि टपालात टाकून आले. येताना स्वतःवर खूश होते, हेही सांगायला हवं.

तीन महिन्यांनी पत्र आलं. दुपारची वेळ, मी भांडी विसळत होते. भिंगाबाई नवा चष्मा लावून टेबलाशी बसली होती आणि मोठ्याने वाचत होती. सर फार सभ्य होते. लिहिलं होतं की टिपण उत्तम आहे, छायाचित्र तर अप्रतिम आहे. "परंतु आपल्या मते ज्या खुणेमुळे ही वनस्पती वेगळी ठरते, ती फुलाखालच्या देठावरची लव छायाचित्रात कुठेही दिसत नाही. देठ पूर्णपणे गुळगुळीत आहे. वाळलेल्या नमुन्यावरही लव नाही, पण ती वाळल्यावर झडते असं आपणच लिहिलं आहे. त्यामुळे हे नेहमीचंच झाड मानावं लागेल. ताजं रोप मिळाल्यास अवश्य कळवा."

माझ्या हातातलं भांडं तसंच राहिलं. 

ताजं रोप कुठून मिळणार? छापखान्याने महिन्यापूर्वीच भिंतीला गिलावा केला होता. आम्ही दोघी बघायला गेलो होतो. भिंत गुळगुळीत, वर नवा चुना.

भिंगाबाईने फोटोची आमच्याकडची प्रत काढली, भिंगाखाली धरली आणि बराच वेळ बघितली. मग भिंग खाली ठेवलं.

"बरोबर आहे त्यांचं," ती म्हणाली. "नाहीच आहे. तेव्हा माझ्या डोळ्यात मोतीबिंदू होता ना. मला दिव्याभोवतीसुद्धा केस दिसायचे. तेच मला देठावर दिसले." आणि हसली. "एकोणतीस वर्षं पोरांना सांगितलं, आधी नीट बघा, मग लिहा. आणि स्वतः काय केलं, वहिनी? आंधळ्याने झाड शोधलं."

तेव्हाच सांगायला हवं होतं. अगदी तेव्हाच. ओठांवर आलं होतं, आणि मी म्हणाले काय, तर "चहा टाकू का?"

चार दिवस मी गप्प होते. चार दिवस! मी, जिला चार मिनिटं गप्प बसणं म्हणजे शिक्षा. चोराच्या मनात चांदणं, तसं झालं होतं; ती खोलीत आली की मला वाटायचं, आता विचारते. आणि ती काही विचारतच नव्हती, कारण तिला माझा संशय यायचं कारणच नव्हतं. ती स्वतःवरच संशय घेत होती. दुसऱ्या दिवशी कपाटातले जुने गठ्ठे काढून बसली, जुनी टिपणं भिंगाने तपासत. म्हणाली, मागच्या पाच वर्षांतलं काहीच आता खात्रीचं नाही. तिसऱ्या दिवशी सरांना उत्तर लिहायला घेतलं: माझा दावा मी मागे घेते. आणि कपाट कॉलेजला देऊन टाकते म्हणाली, तिथे त्यांनी काय ते करावं, चारा म्हणा नाहीतर रद्दी.

मी मनाशी म्हणत होते, बरंच झालं की, एका गवताने काय बिघडतं? माझी कारागिरी, माझं नाव, यांचा स्टुडिओ. एवढ्या वर्षांत एक चूक निघाली नाही, ती आता म्हातारपणी कशाला चव्हाट्यावर मांडायची. अशी मी. खोटं कशाला बोलू.

चौथ्या दिवशी सकाळी चहाला आली तेव्हा तिच्या गळ्यात भिंग नव्हतं. वळून बघितलं तर दाराजवळ किल्ल्यांच्या खिळ्याला लटकवलेलं. तिचा गळा मोकळा मी तीस वर्षांत पाहिला नव्हता. दोऱ्याची एक फिकट रेघ तेवढी राहिली होती. मला रडूच आलं.

"मी खरडलं," मी म्हणाले.

"काय?"

"ती लव. मला वाटलं मखमलीची कुसं आहेत. मी सुरीने काढली, एकेक करून. दीड दिवस लागला. तुझे डोळे चांगले होते गं. तू बघितलंस ते होतं. मी पुसलं."

तिने कप खाली ठेवला, कान धरून बशीवर नीट सरळ केला. मी वाट बघत होते की ओरडेल, निदान कप तरी फोडेल. मग तिने डाव्या गालावर हात ठेवला, नकळतच ठेवला असावा, आणि म्हणाली, "वहिनी, ही दुसरी वेळ."

ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगायला हवं. भिंगाबाईच्या डाव्या गालावर जन्मापासून एक काळसर डाग आहे, रुपयाएवढा. मी नवी नवरी होते आणि दुरुस्तीचं काम नुकतंच शिकले होते. तिच्यासाठी एक स्थळ आलं, त्यांना फोटो हवा होता. यांनी फोटो काढला आणि मी मोठ्या प्रेमाने, हो, प्रेमानेच, तो डाग पेन्सिलीने भरून टाकला. मंडळी बघायला आली. मुलाच्या मावशीने हातातला फोटो बघितला, तिचा चेहरा बघितला, परत फोटो बघितला आणि विचारलं, "हा फोटो कुणाचा?" पाणी पिऊन निघून गेले. भिंगाबाईने मला एक शब्दही विचारला नाही. फक्त त्यानंतर कॅमेऱ्यासमोर कधी बसली नाही. आमच्या घरात, स्टुडिओच्या घरात, तिचा एकही फोटो नाही. आणि मी इतकी वर्षं समजत होते की ती विसरली.

"तेव्हा मला वाटलं होतं," ती म्हणाली, "माझ्या चेहऱ्यात इतकं वाईट काय आहे की माझ्याच घरात कुणाला ते बघवत नाही? आणि आता वाटत होतं माझे डोळे गेले. दोन्ही वेळा चूक माझीच, असंच मी धरून चालले." मग पहिल्यांदा आवाज चढला. "चार दिवस, वहिनी! तू चार दिवस मला आंधळी ठेवलंस!"

"ठेवलं," मी म्हटलं. "मार मला."

"मारून काय उपयोग? निगेटिव्हवर परत येतंय का?"

"पेन्सिल असती तर धुऊन काढली असती. सुरीचं काही होत नाही."

"आणि कच्चा फोटो?"

"नियमाप्रमाणे. चार तुकडे."

आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. माझ्याआधी ती उठली. साठीला आलेली बाई, पण जिना चढली ती धावत. मी मागे धापा टाकत.

दिवसभर आम्ही गठ्ठे सोडत होतो. त्या आठवड्यात तिने टोपलीतून उचललेले तुकडे कुठे कुठे चिकटवले होते ते तारखांवरून शोधायचं, ओल्या फडक्याने खळ भिजवायची, चिठ्ठी सोडवायची आणि उलटून बघायची. पहिल्यांदा एका मुख्याध्यापकांची मिशी निघाली. मग कुणाच्या तरी लग्नातला हार. दुपारी एका शेवाळाखाली आमच्या रोपाचं मूळ आणि मातीचा गोळा सापडला. मी अशी ओरडले की खालून गिऱ्हाईक घाबरून निघून गेलं. मग एका वेलाखाली डावं पान, किडीच्या भोकासकट. नेच्याखाली उजवं पान. तीन तुकडे टेबलावर जोडले. वरचा एक कोपरा रिकामा. फूल, आणि फुलाखालची दोन बोटं. नेमकं तेवढंच नाही.

अंधार पडेपर्यंत शोधलं. एकूण एक चिठ्ठी उलटली. शेवटी मी जमिनीवर बसले आणि स्वतःला शिव्या घालू लागले, चांगल्या वाजवून. भिंगाबाई नुसती टेबलाशी उभी राहून त्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघत होती. मग तिचे ओठ हलायला लागले. ती मनातल्या मनात त्या आठवड्याची तारीख न् तारीख मोजत होती.

"वहिनी," ती सावकाश म्हणाली, "त्या आठवड्यात मी अजून एक कागद केला."

"कुठला?"

"त्याचाच. त्या रोपाचा. त्यालाही चिठ्ठी लावलीच असेल ना."

"तो कागद तर..."

"सरांकडे आहे."

आणि ती हसायला लागली. इतकी हसली की चष्मा काढावा लागला. "काखेत कळसा आणि गावाला वळसा! अगं, लव कुठे म्हणून ते मला विचारतायत, आणि ती त्यांच्याच अंगठ्याखाली पालथी पडलीय!"

पत्र तिनेच लिहिलं. आधी लिहिलं, 'स्टुडिओतील तांत्रिक दुरुस्तीमुळे लव दिसेनाशी झाली.' मी म्हटलं, स्टुडिओने काय केलं? स्टुडिओला हात आहेत का? लिही, माझ्या भावजयीने खरडली, मखमलीची कुसं समजून. तिने माझ्याकडे बघितलं आणि तसं लिहिलं. खाली मी माझ्या अक्षरात जोडलं: चिठ्ठी थंड पाण्यात तासभर ठेवावी, ओढू नये, खळ आपोआप सुटेल, भिऊ नये, फोटोचा कागद पाण्यातच जन्मलेला असतो, मग उलटून बघावं.

सतरा दिवस उत्तर नव्हतं. खिळ्यावरचं भिंग खिळ्यावरच होतं. मी रोज केर काढताना त्याच्याकडे बघायचे आणि बोलायची हिंमत व्हायची नाही. त्या कोपऱ्यावर खळ जास्त लागली असेल तर? फोटोच्या तोंडावर बुरशी आली असेल तर? मला झाडांचं काही नाही, हे मी आधीच सांगितलं. पण त्या दोन बोटं देठासाठी मी जेवढी तळमळले तेवढी स्वतःच्या दुखण्यातही तळमळले नव्हते.

अठराव्या दिवशी पाकीट आलं. आत टीपकागदात गुंडाळलेला तुकडा आणि चार ओळींचं पत्र. भिंगाबाईने ते माझ्या हातात दिलं. "तू वाच. मला नको."

मी वाचलं. "सूचनेप्रमाणे भिजवलं. उलटलं. लव आहे. मी आणि माझ्या दोन सहकाऱ्यांनी स्वतंत्रपणे मोजली. टोकाशी गाठी आहेत, आपण लिहिल्याप्रमाणेच. नव्या वनस्पतीबद्दल अभिनंदन. फाटलेला कच्चा फोटो जोडून पाठवावा, तोच छापू. कृपया दुरुस्ती करू नये."

शेवटच्या वाक्याखाली सरांनी दोनदा रेघ मारली होती.

भिंगाबाई उठली, दाराजवळ गेली, खिळ्यावरून भिंग काढलं आणि गळ्यात घातलं. मग तो तुकडा खिडकीशी नेऊन बघितला. मी मागून बघत होते. बारीक पांढरे तंतू, उजेडात उभे. मखमलीची कुसं अशी सरळ कधी उभी राहत नाहीत, हे मला एका नजरेत दिसलं. दीड दिवस भिंग लावून बसले होते तेव्हा दिसलं नव्हतं.

मी चार तुकडे पुठ्ठ्यावर जोडले. मधे फाटल्याची फुली. पेन्सिल हातात आली होती, लपवत नाही, जित्याची खोड. दहा मिनिटांचं काम होतं, ती फुली शोधूनही सापडली नसती. पेन्सिल परत डब्यात ठेवली आणि डबा वर फळीवर ठेवला, जिथे मला स्टूल घेतल्याशिवाय हात पुरत नाही.

त्यानंतरच्या रविवारी मी कॅमेरा लावत होते. भिंगाबाई खाली आली, हातात कप नव्हता.

"आज काय आणलंस?" मी विचारलं.

ती काळ्या मखमलीसमोरच्या खुर्चीत बसली. डावा गाल खिडकीकडे केला.

"हलू नका," मी म्हणाले. हनुवटी वर म्हणायची गरज पडली नाही; तिने ती आधीच वर केली होती.

एकच फोटो काढला. एकच छापला. काचेपुढे नेला नाही, भिंगाखाली धरला नाही, ओला होता तसाच तिच्या हातात दिला. तिने तो बराच वेळ बघितला, गालावरचा डाग, डोळ्यांखालच्या सुरकुत्या, गळ्यातला दोरा. वाळल्यावर सवयीने उलटा केला आणि मागच्या पांढऱ्या बाजूवर आपल्या त्या ठसठशीत अक्षरात लिहिलं. मी तिच्या खांद्यावरून वाचलं.

ठिकाण: खिडकीजवळ. खूण: डावा गाल. टिपणारी: वहिनी.